शून्याखालचं बिऱ्हाड

ऑक्टोबर अर्धा उलटला की अमेरिकेत, मिनेसोटातल्या दुकानांत दारापाशीच गडद गुलाबी पाण्याच्या कॅनची रास लागते. पाणी कसलं, प्रॉपिलीन ग्लायकॉल मिसळलेलं द्रव असतं ते. कडाक्याच्या थंडीतही ते गोठून नळ फोडत नाही. लोक दोन-चार कॅन उचलतात, ट्रेलरच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराच्या, नळांतून ते खेळवतात, वरून ताडपत्री आवळतात आणि एप्रिलपर्यंत ट्रेलरकडे ढुंकूनही बघत नाहीत. तलावातले होड्यांचे धक्के काठावर ओढले जातात, बागेतल्या नळ्या गुंडाळून तळघरात जातात. सगळं राज्य आवराआवरीला लागलेलं असतं आणि आम्ही नवराबायको त्याच सुमाराला ट्रेलर झाडूनपुसून त्याच्या खिडक्यांची मापं घेत बसतो.

का, याचं खरं उत्तर अगदी साधं आहे: डास. डास हा मिनेसोटाचा राज्यपक्षी आहे, असा इथला एक जुना विनोद. जून-जुलैत तलावाकाठी एक संध्याकाळ काढली की त्यातला विनोद संपतो. नोव्हेंबरनंतर डास नाहीत, गर्दी नाही, शेजारच्या जागेवर रात्री अकरापर्यंत चालणारी गाणी नाहीत. स्टेट पार्कांतल्या, म्हणजे राज्याच्या राखीव निसर्गोद्यानांतल्या, मुक्कामाच्या काही जागा हिवाळ्यातही खुल्या असतात. नळाचं पाणी तेवढं बंद केलेलं असतं, म्हणून बहुतेक लोक फिरकत नाहीत.

शिवाय काही गोष्टी थंडीतच बघायच्या असतात. लेक सुपीरियरच्या उत्तर किनाऱ्यानं हायवे ६१ जातो, त्यावर स्प्लिट रॉकचा दीपस्तंभ आहे. १९०५च्या नोव्हेंबरमधल्या वादळात या सरोवरात बरीच जहाजं फुटली, त्यानंतर तो उभारला गेला. १९१० साली दिवा लागला. आता तो वापरात नाही, पण दरवर्षी १० नोव्हेंबरला पेटवतात. १९७५ साली याच तारखेला एडमंड फिट्झगेराल्ड नावाचं मालवाहू जहाज सुपीरियरमध्ये बुडालं, त्यावरचे २९च्या २९ लोक गेले. त्यांची नावं एकेक करून वाचतात, घंटा वाजवतात आणि मग कड्यावरचा तो दिवा फिरायला लागतो. गाडीतून उतरून, तासभर बघून, हॉटेलात परत जाणं शक्य आहे. पण त्या वाऱ्यात उभं राहिल्यावर पाच मिनिटांच्या अंतरावर स्वतःचं अंथरूण असणं ही निराळी चैन आहे.

आमचा ट्रेलर तेरा फुटी. त्यात गाडीला जोडायचा दांडाही आला, म्हणजे आतली खोली जेमतेम दहा फूट लांब आणि साडेसहा फूट रुंद. फायबरग्लासच्या दोन अर्ध्या कवच्या कमरेपाशी जोडलेल्या. या जातीच्या ट्रेलरांचा उगम कॅनडातल्या विनिपेगचा. रे ओलेको नावाच्या गृहस्थानं आधी फायबरग्लासची हलकी सेप्टिक टाकी बनवली होती; त्याच युक्तीनं, साच्यातून कवच काढून, १९६८ साली त्यानं ‘बोलर’ नावाचा ट्रेलर बाजारात आणला. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून आमच्याच राज्यातल्या बॅकस गावी ‘स्कँप’ तयार व्हायला लागले. आमचा त्यातलाच, कितव्या हातचा कोण जाणे. आपण झोपतो त्या खोलीचे पूर्वज सेप्टिक टाकी आहेत, हे मी माहेरी अजून सांगितलेलं नाही.

रिकामा असताना त्याचं वजन सहाशे-सातशे किलो भरतं. म्हणून तो ओढायला ट्रक लागत नाही; मध्यम आकाराची गाडी पुरते. या हलकेपणाचा दाम थंडीत मोजावा लागतो. भिंत म्हणजे फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्याला आतून चिकटवलेली बुडबुड्यांची चंदेरी पट्टी आणि त्यावर केसाळ कापड. खिडक्यांना एकेरी काच, ॲल्युमिनियमच्या चौकटी. जमिनीची फळी, आणि फळीखाली सरळ वारा. जाड भिंतींचे, दुहेरी काचांचे, टाक्यांना ऊब देणारे चार ऋतूंचे ट्रेलर मिळतात. त्यांचं वजन आमच्या तिप्पट-चौपट आणि किंमत विचारूच नये. हलका ट्रेलर घेऊन थंडीत जायचं तर भिंत जाड करून भागत नाही. ती जाड करायला जावं तर आधीच टीचभर असलेली जागा आणि वजन दोन्ही हातचं जातं.

थंडीतल्या मुक्कामाबद्दल सांगायला लागलं की ऐकणारा पहिला प्रश्न विचारतो, “हीटर आहे ना?” हीटर आहे. तेच तर सगळ्यात सोपं काम. मला या सगळ्या खटाटोपात आढळलं ते असं की हिवाळ्याची तयारी म्हणजे जवळजवळ सगळी पाण्याची व्यवस्था आहे. नळातलं पाणी, श्वासातलं पाणी, भातातलं पाणी, जळणाऱ्या गॅसमधून निघणारं पाणी, बुटाला चिकटून आलेलं पाणी. नुसती थंडी तुम्हाला कुडकुडवते. ओली थंडी तुम्हाला घरी पाठवते.

मी वाढले गुहागरकडे. मेच्या अखेरीस आमच्याकडे कौलं शाकारून व्हायची, पडवीला झावळ्यांची झड बांधली जायची, लाकडं कोरड्यात रचली जायची, मीठ-मिरची-डाळी डब्यांत घट्ट झाकल्या जायच्या. चार महिने ओल घरात कुठून शिरते आणि कुठे दबा धरून बसते, हे तिथल्या पोरांना न शिकवता कळतं. भिंतीला टेकवून ठेवलेली गादी, कपाटाचा मागचा कोपरा, ट्रंकेचा तळ. हवा जिथे खेळत नाही तिथे बुरशी. ट्रेलरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी ज्या ज्या ठिकाणी हात घालून बघितलं, तिथे तिथे ती सापडली. फरक इतकाच की इथे ती आधी बर्फाच्या रूपात भेटते.

ही गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. ट्रेलरमधली कपाटं रिव्हेटांनी भिंतीला ठोकलेली असतात. रिव्हेट आरपार जातो. त्याचं डोकं बाहेर उणे पंधरात आणि शेपूट आत, आमच्या चहा-साखरेच्या कपाटात. सकाळी टॉर्च मारून बघितलं तर भिंतीवरच्या प्रत्येक शेपटीवर ज्वारीच्या दाण्याएवढं पांढरं हिम धरलेलं असतं, रांगेनं, नेमक्या अंतरावर. फर्नेस, म्हणजे भिंतीत बसवलेला गॅसचा हीटर, थोडा वेळ चालला की ते वितळतं, ओघळतं आणि कापडात मुरतं. आता आम्ही प्रत्येक शेपटीवर फोमचा लहानसा तुकडा चिकटवलाय. खर्च नगण्य, वजन शून्य, मात्र पालथं पडून, मान वाकडी करून एक अख्खा रविवार घालवायची तयारी हवी.

काचेचं गणितही तसंच. बाहेर उणे पंधरा आणि आत अठरा अंश असेल तर एकेरी काचेची आतली बाजू शून्याच्या बरीच खाली असते. आतल्या हवेतलं बाष्प तिथे थडकलं की दव धरत नाही, थेट हिमाची नक्षी उमटते. म्हणून खिडक्यांच्या मापाचे चंदेरी पडदे कापून आम्ही ते चौकटीत दाबून बसवतो. त्यानं ऊब राहते हे खरं, पण पडद्यामागे गेल्यामुळे काच आणखीच थंड पडते आणि फटीतून शिरलेलं बाष्प तिथे निवांत गोठतं. तेव्हा रोज सकाळी पडदे काढायचे, काच खरवडायची, पुसायची, फडकं बाहेर दोरीवर टाकायचं. ते तिथे पापडासारखं कडक होतं. मग झटकलं की बर्फाचा भुगा गळून पडतो आणि फडकं बऱ्यापैकी कोरडं हाती येतं. वाळवणाची ही तऱ्हा मला फार आवडते.

आता गॅस. भारतात घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या जरा खालीच द्रव होऊन बसतं, म्हणून लडाखसारख्या ठिकाणी हिवाळ्यात शेगडी मान टाकते. इथे ट्रेलरवर शुद्ध प्रोपेन असतो. त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ सेल्सिअस, त्यामुळे सहसा अडत नाही. सहसा म्हणायचं कारण, याच राज्यात टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ला उणे ५१ अंशांची नोंद झाली आहे. त्या दिवशी तिथे ट्रेलर नेला असता तर प्रोपेन सिलिंडरच्या तळाशी गप्प पडून राहिला असता. उणे ४२ गाठायच्या बरंच आधी सिलिंडरमधला दाब उतरायला लागतो, गॅस ओढल्यानं सिलिंडर स्वतःच आणखी गार होतो आणि तो अर्धा रिकामा असेल तर परिस्थिती अजून बिघडते. म्हणून निघताना दोन भरलेले सिलिंडर घ्यायचे आणि पहिला संपायची वाट न बघता झोपण्यापूर्वी बदलायचा.

जळण किती लागतं, याची आकडेमोड नवऱ्यानं केली. त्याला अशा कामात गोडी आहे. ट्रेलरच्या सहाही बाजूंचं क्षेत्रफळ, भिंतीचा उष्णतेला होणारा अडसर आणि आतबाहेरच्या तापमानातला फरक घेऊन त्यानं काढलं की उणे अठराला ऊब टिकवायला ताशी आठ-नऊ हजार बीटीयू (हे उष्णतेचं इथलं माप) उष्णता लागते. भिंतीत लावायचा पंधराशे वॉटचा विजेचा हीटर देतो पाच हजार शंभर. म्हणजे विजेची सोय असलेल्या जागीसुद्धा नुसत्या त्याच्यावर विसंबून चालत नाही. आमचा फर्नेस सोळा हजारांचा, तो अशा रात्री निम्मा वेळ चालू आणि निम्मा वेळ बंद असतो. वीस पौंडांचा, म्हणजे नऊ किलोंचा, एक सिलिंडर दीड-दोन दिवसांत संपतो. हे आकडे ऐकल्यावर हॉटेल स्वस्त पडेल असं कुणी म्हणालं तर मी वाद घालत नाही.

पण फर्नेस कोणता, यावर मात्र वाद घालते. बाजारात धुराडं नसलेले छोटे प्रोपेन हीटर मिळतात. हलके, स्वस्त, बॅटरी लागत नाही; टेबलावर ठेवा, पेटवा. हलक्या ट्रेलरवाल्यांना त्यांचा भारी मोह. आता रसायनशास्त्र बघा: एक किलो प्रोपेन जळला की एक किलो सहाशे ग्रॅम पाणी तयार होतं. वर सांगितलेल्या हिशेबानं आठ तासांच्या झोपेत दीड किलो गॅस लागतो, म्हणजे रात्रभरात खोलीत दोन लिटरहून जास्त पाणी तुम्ही स्वतःच्या हातानं सोडलंत. दोन माणसांच्या श्वासाचं नि घामाचं अर्धा लिटरभर तरी असतंच, त्यात ही भर. भिंती रडतात ते उगाच नाही. आणि हा झाला त्यातला बरा भाग. हवा पुरेशी मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो; त्याला ना वास ना रंग, आणि झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही. झोपताना असला हीटर चालू ठेवू नये, हे मी कोणाच्याही तोंडावर सांगते.

भिंतीतला फर्नेस बाहेरची हवा घेऊन जाळतो आणि धूर, वाफ सगळं बाहेर टाकतो. आत येते ती नुसती तापलेली कोरडी हवा. त्याला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे बाहेरचं तोंड मोकळं हवं: बर्फ पडायला लागला की रात्री उठून, बूट चढवून, ते झाडणीनं साफ करायचं, कंटाळा करायचा नाही. दुसरी, पंख्यासाठी बॅटरी. डिटेक्टर दोन्ही लागतात. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली. मोनॉक्साइडचा झोपण्याच्या उंचीवर.

शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांची जन्मभराची हौस बर्फावरच्या मासेमारीची. इथे लोक चाकांवरची लाकडी-पत्र्याची घरं गोठलेल्या तलावावर ओढून नेतात, जमिनीत भोकं ठेवलेली असतात, त्यांतून गळ सोडून आत गरमागरम बसतात. आमच्या ओल्या गाद्यांची कथा ऐकून त्यांनी एकच विचारलं, “छताची झडप किती उघडी ठेवता?” आम्ही म्हटलं, उणे पंधरात कोण उघडी ठेवेल? तर म्हणाले, वर बोटभर आणि खाली खिडकी बोटभर, बर्फ पडत असला तरी. गरम हवा बाष्प घेऊन वरून निघून जाते, खालून गार हवा येते. बाहेरची हवा थंड आहे तितकीच कोरडी आहे. आत येऊन तापली की ती ओल शोषायला मोकळी. थोडा गॅस जास्त जळतो, एवढंच. तेव्हापासून झडप उघडी असते, आणि फर्नेस दर सात-आठ मिनिटांनी गुरगुरत असतो.

गादीखालची ओल त्यानंही पूर्ण जात नाही. बाकाची फळी गार, वर माणसाचं गरम अंग, मधल्या स्पंजातून वाफ खाली उतरते आणि फळीवर पाणी होतं. आम्ही फळीला मोठाली भोकं पाडली, वर प्लॅस्टिकच्या गुंतवळ्याची जाळी अंथरली, तिच्यावर गादी. बाकाखालच्या कप्प्यात फर्नेसची थोडी ऊब वळवली. आता फळी कोरडी राहते.

पांघरुणाच्या बाबतीत आमच्याकडे मानापमान झाला. आईनं जुन्या लुगड्यांची गोधडी पाठवली होती. नववारीचे काठ, हातानं घातलेले टाके, ती ट्रेलरमध्ये न्यायची हे गृहीतच होतं. पण सुती गोधडी ओल धरते आणि सोडत नाही. दुसऱ्या रात्री ती जड आणि गारढोण. बाजी मारली ती घोंगडीनं. लोकर स्वतःच्या वजनाच्या चांगलं तीस टक्के बाष्प पिऊन बसते तरी हाताला ओली लागत नाही. धनगरांनी पावसात डोक्यावर खोळ करून घ्यायची ती वस्तू उणे पंधरातही तितकीच कामाची निघावी, यात मला नवल वाटलं नाही. टोचते मात्र. खाली पातळ सुती चादर घ्यावी लागते. गोधडी घरच्या सोफ्यावर आहे, तिथे ती शोभतेही.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “अगं, एवढं गरम घर टाकून त्या डब्यात कुडकुडायला कशाला जाता?” मग लगेच, “आणि जेवायला काय करता?” हा प्रश्न तिला मुद्द्यावरचा वाटला असणार, आणि होताच. कारण ट्रेलरमधला सर्वांत मोठा बाष्पनिर्माता म्हणजे प्रेशर कुकर. तीन शिट्ट्या झाल्या की सगळ्या खिडक्या आंधळ्या होतात, छतावरून थेंब टपकतात आणि दिवसभर केलेली निगराणी पाण्यात जाते, अगदी शब्दशः. म्हणून वाफेचं सगळं काम घरी उरकायचं. आमटी, उसळ, खिचडी डब्यात गोठवून न्यायची. त्या दिवसांत शीतपेटी लागत नाही, बाहेर ठेवली की झालं. फ्रिज बंदच असतो. सकाळी भाजणीचं थालीपीठ, तव्यावर, झाकणाशिवाय. अंडी मात्र आत झोपवावी लागतात, नाहीतर फुटतात. खोबरेल तेल तर चोवीस अंशांच्या खाली थिजतं, ते इथे सदाचंच दगड. चहा उकळायचा तो बाहेर, वाऱ्याच्या आडोशाला, हातमोजे घालून. चहा होईपर्यंत दूध घट्ट झालेलं असतं.

पिण्याचं पाणी कॅनमधून, आत, पलंगाखाली. नळजोडणी आम्ही हिवाळ्यात वापरतच नाही. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि ते फुगणं कुठल्याही पितळी कोपऱ्याला परवडत नाही. टाकी रिकामी, गरम पाण्याची टाकी रिकामी आणि नळजोडणीतून वगळलेली, नळ्यांतून हवा मारून उरलेला थेंब काढलेला, मोरीच्या वाकड्या नळीत तेवढं गुलाबी द्रव ओतलेलं. ते ओतताना कॅनवरचं लेबल वाचावं, कारण मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते हिरवं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि दुकानात दोन्ही जवळजवळ मांडलेले असतात. भांडी पुसून घ्यायची, घरी जाऊन धुवायची. संडासाचं विचाराल तर पार्कातला सुका संडास आणि रात्रीसाठी झाकणाची बादली. याहून जास्त तपशील मी आईलाही दिलेला नाही.

बॅटरीच्या बाबतीत जुनं वळण असं की ती बाहेर, दांड्यावरच्या पेटीत बसवतात. शिसे-आम्लाची बॅटरी उणे अठराला निम्मीच उरते. भरलेली असेल तर तिच्यातलं आम्ल सहसा गोठत नाही. पण उतरलेल्या बॅटरीत ते पाण्याच्या जवळ जातं आणि उणे सात-आठलाच गोठून बॅटरी फोडू शकतं. म्हणजे तीही शेवटी पाण्याचीच गोष्ट. आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. वजन निम्म्याहून कमी, हे हलक्या ट्रेलरला फार सोयीचं. तिचा नखरा वेगळा: शून्याखाली ती वीज देते, पण घेत नाही. घ्यायला लावली तर आत लिथियम धातूचा थर चढतो आणि बॅटरी कायमची अधू होते. त्यामुळे ती बाकाखाली, आमच्यासोबत, उबेत. पंख्याला एका लांब रात्रीत पंचवीस-तीस अँपियर-तास (बॅटरीतल्या साठ्याचं माप) लागतात, शंभरच्या बॅटरीला ते झेपतं. परत भरायचं काम कठीण. डिसेंबरात इथे भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम वीस अंश वर येतो आणि दिवस साडेआठ तासांचा. छतावर सपाट ठोकलेलं सौर पॅनल बर्फाखाली झोपलेलं असतं. आम्ही पॅनल सुटं ठेवतो, बर्फात जवळजवळ उभं रोवतो. उभ्या पॅनलवर बर्फ टिकत नाही, आणि समोरच्या पांढऱ्या पटावरून परतलेला उजेडही थोडा मिळतो.

रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. टायरमधली हवा दर पाच-साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय (दाबाचं माप) उतरते, ती निघायच्या सकाळी बघावी, आदल्या दुपारी नाही. रस्त्यावर मीठ टाकलेलं असतं, परत आल्यावर ट्रेलरचं पोट धुवायचं. मुक्कामी चाकांखाली आणि टेकूंखाली लाकडी फळ्या ठेवायच्या, नाहीतर दिवसा वितळलेला चिखल रात्री चाकं पकडून ठेवतो आणि सकाळी तुम्ही कुठेही जात नाही. दाराच्या रबराला सिलिकॉन लावायचं. ट्रेलरच्या पोटाखाली वारा घुसू नये म्हणून फोमचे तक्ते लावतात. एकदोन रात्रींसाठी आम्ही तो उद्योग करत नाही, फावड्यानं बर्फच सगळीकडून लावून टाकतो. फर्नेसच्या तोंडाची बाजू तेवढी सोडून.

बुटांचा प्रश्न मात्र आम्हाला अजून सुटलेला नाही. दहा फुटांच्या खोलीत दोघांचे चार बूट, त्यांच्या खाचांतला बर्फ, दोन कोट, मोजे. दारात तसराळं ठेवलं तर रात्री पाय त्यातच पडतो. बूट बाहेर ठेवले तर सकाळी ते पायात जात नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, दाराबाहेर छोटा तंबू जोडू, तिथे सगळं ओलं उतरवून आत यायचं. वजन पाच-सहा किलो, आणि वाऱ्यात उभा करायला दोन माणसं. माझं म्हणणं, दाराजवळचं खालचं कपाट काढून टाकू आणि फर्नेसचा एक झोत तिथे वळवू. चहा-साखर वर जाईल. त्याला कपाट तोडवत नाही, मला वाऱ्यात तंबूशी झटापट करायची नाही. मधल्या काळात आईनं फेब्रुवारीत यायचं तिकीट काढलंय आणि तिलाही ट्रेलरमध्ये मुक्कामाला यायचं आहे, फक्त भात आतच लागेल अशी तिची अट आहे. तिच्या चपलांना इथे काहीच उपयोग नाही, म्हणजे बूट सहा होणार. कपाट काढावंच लागेल असं मला वाटतं.